रक्त कळसाडीचं

ब्राह्मणपुरी, १२ जून

उमाकांतदादा,

नमस्कार लिहावा की नाही याचा सकाळपासून विचार करते आहे. लिहिते. तू वयाने मोठा आहेस म्हणून. दुसरं कारण सध्या तरी सापडत नाही.

पत्र बघून दचकू नकोस. एकाच तालुक्यात राहून बहिणीने भावाला पोस्टाने पत्र पाठवावं, यावर आमचा पोस्टमनही हसला. पण तू माझा फोन ब्लॉक केला आहेस. स्वतः केला नसशील, तुझ्या मोबाइलची बॅटरी किती उरली हेही तुला धाकटी काजल सांगते. तिच्याकडूनच करून घेतला असशील. पत्राला ती सोय नाही. फाडायचं ठरवलंस तरी आधी वाचशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

साडीचा विषय मी काढणार नाही. सहा वर्षं झाली, जाऊ दे. फक्त एवढंच, की जागृतीच्या लग्नात वहिनीने मला आहेरात जी मोरपंखी साडी दिली, ती मीच तिला माझ्या वास्तुशांतीला दिलेली होती. शहाद्याच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा घडीत तशीच होती. मी ते मांडवात बोलले, मोठ्याने बोलले, व्याह्यांसमोर बोलले. खरं तेच बोलले. तू म्हणालास, माझ्या दारात पाय ठेवू नकोस. मी ठेवला नाही. विषय संपला.

आता कामाचं. माझ्या आजाराचं तुला कळलेलं आहे. कळलं नसतं तर फेब्रुवारीत दोन क्रेट पपया आल्या नसत्या. टेम्पोवाल्याने नाव सांगितलं नाही, पण इतक्या कच्च्या पपया तोडणारा माणूस या तालुक्यात एकच आहे. माझा डावा स्तन काढला. हा शब्द लिहायची पूर्वी लाज वाटायची, आता ज्याची लाज तेच राहिलं नाही. केमोची सलाइनं झाली, रेडिएशनचा शेक झाला, आता बरी आहे. डोक्यावर केस येताहेत, ज्वारी कापल्यावर धसकटं उरतात ना, तसे.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं होतं. त्यात निघालं की माझ्यात एक बिघडलेला जीन आहे, बीआरसीए-टू नावाचा. हा आई-बापाकडून पोरांना येतो, जसं आपल्याला बाबांचं बसकं नाक आलं. ज्या बाईत तो असतो तिला छातीचा कॅन्सर व्हायचा धोका इतर बायकांपेक्षा पुष्कळ जास्त. आई ऐंशीची होऊन गेली, तिच्या बहिणी अजून अंगणात बसून गहू निवडतात. म्हणजे बहुतेक बाबांकडून आला. तसं असेल तर तुझ्यात असण्याची निम्मी शक्यता. तुझ्यात असेल तर जागृतीत निम्मी आणि काजलमध्ये निम्मी.

तुला फक्त एक नळीभर रक्त द्यायचं आहे. रक्तदान शिबिरात हार घालून फोटो काढत देतोसच. इथे हार मिळणार नाही, एवढाच फरक. पोरी स्वतःहूनही तपासू शकतात, पण तू नाही म्हटलंस तर त्या येणार नाहीत. जागृती एकतीसची आहे, दादा. वेळेत कळलं तर पुष्कळ करता येतं. मला गाठ सापडली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती.

उत्तर दे. नाही दिलंस तर पुढचं उघड्या पोस्टकार्डावर लिहीन.

रमिला


ब्राह्मणपुरी, २ जुलै

दादा,

तुझा निरोप पोचला. वहिनीने शहाद्याच्या बाजारात मला गाठलं आणि गिलक्यांच्या ढिगाकडे बघत बघत सांगितला. सहा वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, तेही गिलक्यांशी बोलल्यासारखं. निरोप असा: "तुन्हा आजार तुन्हा घरना. आम्हना कुळमा असं काही नही."

वा. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आमच्या सात पिढ्यांत हा आजार नाही, तू माहेरून आणलास. म्हणजे माझा आजार गावावर सोडलेला वळू झाला. चरतो माझ्या अंगावर आणि मालक कोणी नाही.

तू म्हणतोस मुलगी दिली की ती दुसऱ्या कुळाची. बरं. लग्नात माझं आडनाव बदललं, रेशनकार्ड बदललं, कुलदैवत बदललं. रक्तही बदलून दिलं होतंस का? मांडवात बाटली लावल्याचं मला आठवत नाही. नाक तर अजून बाबांचंच आहे, चष्मा टिकत नाही त्यावर. नाक कळसाडीचं आणि रक्त ब्राह्मणपुरीचं, असा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात ते मलाही कळू दे.

आणि कुळात काही नाही म्हणतोस, तर दगूबाई आत्या कोण होती? बाबांची सख्खी बहीण. मी आठ वर्षांची असेन. आत्या माहेरपणाला आली आणि न्हाणीच्या मागे बसून छातीला हळद आणि निंबाचा पाला बांधायची. मला बघितलं की पदर ओढायची. बाबा म्हणाले दृष्ट लागली. मांत्रिकाने कोंबडं घेतलं, लिंबू घेतलं आणि बरं वाटेल म्हणाला. आत्या चाळिशीत गेली. तिच्या सासरच्यांनी तेव्हा काय म्हटलं असेल? माहेरून आणलं. आणि आपण काय म्हटलं? ती धानोऱ्याची झाली होती. तिचं मरणसुद्धा कोणी आपल्यात धरलं नाही. मला तर ते लिहितानाच रडू आलं, आणि सासूबाई विचारतात कांदा कापला का.

तुझी खरी भीती मला कळते. काजलचं बघायला सुरुवात केली आहेस. मुलीच्या रक्तात काही आहे असं कळलं तर स्थळ मोडेल. मोडू दे ना. जे स्थळ रक्ताच्या नळीने मोडतं ते पहिल्या तापाला तिला माहेरी आणून सोडेल. तू रागावशील, पण मला असंच वाटतं.

रमिला


ब्राह्मणपुरी, २१ जुलै

दादा,

या वेळी वहिनीने चक्क भेंडीशी न बोलता माझ्याशी बोलून निरोप दिला. प्रगती आहे. तुझं म्हणणं, की हे जीन-बिन काही नसतं, हे सगळं हल्लीच्या राहणीमुळे. फवारणी, प्लास्टिकचा डबा, नायलॉनचे कपडे, ब्लाउजमध्ये ठेवलेला मोबाइल, शिळी भाकरी आणि मी चिडकी असणं. वहिनीने हे बोटांवर मोजून सांगितलं, चिडकेपणा अंगठ्यावर होता.

मी हे सगळं नाशिकच्या बाईंना विचारलं. मोबाइल आणि ब्लाउजचं त्या म्हणाल्या, त्याने होतं असं कुठे दिसलेलं नाही, निर्धास्त राहा. चिडकेपणाचं म्हणाल्या, नाही. हे मी त्यांच्याकडून परत परत म्हणवून घेतलं, तुझे मेहुणे साक्षीला होते. त्या मेहुण्यांचीही गंमत सांगते. बाईंनी मला विचारलं, दारू घेता का? दारूनेही हा आजार वाढतो म्हणे. मी नाही म्हणण्याच्या आधी हेच उठून उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या घरात बायका चहासुद्धा कपात घेत नाहीत. बशीत घेतात, हे खरं आहे, पण बाईंना त्याचा अर्थ लागला नाही.

तर ऐक. बाईंच्या सांगण्यातून मला जे समजलं ते असं. ज्या बायकांमध्ये हा जीन आहे त्यांतल्या दहांपैकी साधारण सहा जणींना आजार होतो आणि चौघींना होत नाही. जीन दोघींत तोच. मग फरक कशाचा? वजन, चालणं-फिरणं, दारू, मुलांना अंगावर किती पाजलं, कुठल्या गोळ्या खाल्ल्या, आणखी कितीतरी गोष्टी, आणि नशीब. दोन्ही मिळून होतं. निव्वळ रक्ताने नाही आणि निव्वळ राहणीने नाही. आणि जिच्यात हा जीन नाही, तिलाही आजार होऊ शकतो. खरं तर ज्या बायकांना होतो त्यांतल्या बहुतेकींमध्ये हा जीन नसतोच. मला हे ऐकून धक्का बसला.

तू शेतकरी आहेस म्हणून तुझ्या भाषेत विचारते. गेल्या साली तुझा कापूस गेला तेव्हा तू काय म्हणालास? बियाणं बोगस. कृषी केंद्रासमोर बसून आरडाओरडा केलास. त्याच दुकानातलं, त्याच कंपनीचं बियाणं हिंमतरावकाकांनी लावलं आणि त्यांचा कापूस छातीएवढा आला. तेव्हा सगळा दोष बियाण्याचा आणि तुझ्या पाणी देण्याचा काहीच नाही. आता पोरींची गोष्ट आली तर सगळा दोष राहणीचा आणि बियाण्याचा काहीच नाही. जिथे तुला सोयीचं तिथे तू उभा. बियाणं तपासून घे, एवढंच तर म्हणते आहे. कसलं आहे ते कळलं की निगा कशी राखायची ते ठरवता येईल.

मी स्वतः रोज चालते. बाईंनी सांगितलं म्हणून सुनेचे बूट घालून उसाच्या रस्त्याने जाते. नऊवारीवर पांढरे बूट. पहिल्या दिवशी निंदणीला निघालेल्या बायका थांबून बघत राहिल्या. एक म्हणाली, बाई घर सोडून चालली. आता त्यांतल्याच दोघी सोबत येतात, त्यांच्याकडे बूट नाहीत पण माझ्याहून जोरात चालतात.

आणि हो, तुझा तो शेवटचा टोमणा. रक्त द्यायला मी काय बाई शे का? नाहीस. पण छाती तुलाही आहे. ज्या पुरुषात हा जीन असतो त्यालाही छातीचा कॅन्सर होऊ शकतो, शंभरांत सहा-सात जणांना होतो. खोटं वाटत असेल तर अंघोळ करताना एकदा हात फिरवून बघ. काही लागलं नाही तर उत्तम. तेवढ्याने मिशी गळून पडणार नाही.

रमिला


ब्राह्मणपुरी, ६ ऑगस्ट

दादा,

तुझ्या दारात मी पाय ठेवलेला नाही, हे आधी सांगते. श्रावणातली कानबाई देवी यंदा हिंमतरावकाकांच्या अंगणात बसली होती, मी त्यांच्या अंगणात आले. तू मला बघितलंस, मान फिरवलीस आणि केळीच्या खांबाला काहीतरी बांधायला लागलास. खांब आधीच बांधलेला होता.

पुढचं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते, कारण तू मध्येच उठून गेलास. आपल्या घरची रीत, कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. काकांनी सगळ्यांना सांगितलं, यंदा कुळात बेचाळीस पुरुष. सुरतवाल्यांचं आठवड्यापूर्वी जन्मलेलं पोरही त्यात धरलं होतं, ज्याला अजून दात नाहीत. रोट खायचे ते फक्त कुळाने. आम्ही लग्न झालेल्या लेकी बाजूला सतरंजीवर, आमच्या पुढ्यात केळी आणि चिवडा.

तेव्हा मी उभी राहून काकांना विचारलं, काका, पुरुष बेचाळीस. या कुळाच्या लेकी किती? काका म्हणाले, कुठल्या लेकी? मी म्हटलं, इथे जन्मल्या त्या. आता असतील तिथे.

कोणालाच सांगता येईना. काका म्हणाले दहा-बारा. सुरतवाला म्हणाला वीस असतील. तुझा चुलतभाऊ भरत स्वतःच्या बहिणी मोजताना एक विसरला, आणि ती समोरच चिवडा खात होती. मग स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. तुझी बायको, दादा. तव्यावरून न उठता ती नावं घ्यायला लागली. अमकी नवापूरला, तमकी तळोद्याला, दोघी नवसारीला, एक धुळ्याला. बाकीच्या बायका भर घालायला लागल्या. नावं संपेचनात. पुरुषांचे हात रोटांवर तसेच राहिले. मग मी सगळ्यांना सांगितलं की माझ्या रक्तात काय निघालं, ते कुठून आलं असेल आणि कोणाकोणात असू शकेल. काका रागावले, देवीसमोर असलं बोलतात का म्हणाले. मी म्हटलं, देवी बाई आहे, तिला चालतं.

तेवढ्यात वहिनीने जागृती आणि काजलचं नाव घेतलं, आणि तू उठून गोठ्याकडे निघून गेलास.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला तर तू कमाल केलीस. दर साली ढोल तुझ्या गळ्यात असतो. मला कळतं तेव्हापासून कळसाडीत दुसऱ्याने ढोल घेतलेला नाही. या वेळी तू तो भरतच्या पोराच्या, मिथुनच्या गळ्यात घातलास आणि डावा हात काखेशी धरून कडेकडेने चाललास. मिथुनला ताल म्हणजे काय हे माहीत नाही, बायकांनी फुगडीही धड घातली नाही. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, ढोलावर कशाला?

रमिला


ब्राह्मणपुरी, ९ ऑगस्ट

दादा,

हे पत्र पोस्टाने येत नाही. गाडीवाला घेऊन येतो आहे आणि त्याच गाडीत तू बसायचं आहेस. मी शहाद्याच्या फाट्यावर उभी असेन.

वहिनीचा फोन आला. साडीबद्दल तिच्या मनात जे होतं ते ती आधी बोलली, मीही बोलले, मग दोघी रडलो, आणि मग तिने खरं सांगितलं. होळीपासून तुझ्या छातीत गाठ आहे. ढोल लागतो म्हणून घेतला नाहीस. मला वाटलं रुसलास. मी ते लिहूनही पाठवलं. मला आता स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावंसं वाटतं.

म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती होती. निरोप पाठवलास, आम्हना कुळमा असं काही नही, तेव्हाही तुझा हात तिच्यावरच होता. कोणाला सांगितलं नाहीस, कारण बायकांचा आजार पुरुषाला झाला असं कळलं तर लोक हसतील. मेल्या माणसाला कोणी हसत नाही, म्हणून मरायचं का? मला तुझा इतका राग आला आहे की लिहिताना पेन कागदाच्या पार जातंय. आणि मला भीती वाटते, दादा. खूप वाटते. आई-बाबा गेले, आता माझं लहानपण पाहिलेलं माणूस तू एकटा उरला आहेस.

वहिनी म्हणाली, कानबाईच्या दिवशी तू गोठ्यातून परत आलास आणि तिला एवढंच विचारलंस, "माले शे तं पोरीसले बी व्हई का?" आणि मग शर्ट काढून तिला दाखवलंस.

ते विचारलंस ना, बस झालं. आता बाकीचं मी बघते. स्वच्छ बनियन घाल. पपया आणू नकोस.

रमिला


नाशिक, ३० सप्टेंबर

दादा,

तू वॉर्डात झोपला आहेस, मी खाली कँटीनमध्ये बसून लिहिते आहे. तूच म्हणालास, फोन राहू दे, तू पत्रात बरी असतेस, तिथे मध्येच उठून जाता येतं.

तुझं ऑपरेशन चांगलं झालं, हे बाईंनी तुला सांगितलं तेव्हा तू अर्धा गुंगीत होतास, म्हणून परत सांगते. गाठ निघाली, काखेतली एक गाठही निघाली. पुढे औषधं आहेत, गोळ्या काही वर्षं घ्यायच्या आहेत. बाई म्हणाल्या, होळीला आला असता तर सोपं गेलं असतं, पण उशीर फार झालेला नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मलाच पकडलं, माझी डावी बाजू ओढेल म्हणून.

तपासणीच्या दिवसाचं मला अजून हसू येतं. बाकावर सगळ्या बायका आणि मध्ये तू, मिशीला पीळ देऊन. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, नवऱ्यांनी बाहेर थांबायचं. तू मुकाट्याने उठून बाहेर गेलास. मी तुला आत आणलं. दुसरी सिस्टर आली, तीही तेच म्हणाली, तू पुन्हा बाहेर. सगळा जन्म कोणाचं ऐकलं नाहीस आणि तिथे बरं ऐकत होतास. शेवटी शेजारची नंदुरबारची बाई ओरडली, अहो त्यांचाच नंबर आहे, त्यांना बसू द्या. आणि तिने तुला सरकून जागा दिली. त्या मशीनमध्ये छाती दाबली तेव्हा तू जो आवाज काढलास तो बाहेर ऐकू आला. बाकावरच्या सगळ्या बायका खूश झाल्या. आम्ही तो गुपचूप काढतो.

रक्ताचे रिपोर्ट आज आले. तू उठल्यावर बाई सांगतीलच, पण माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहिते. तुझ्यात तो जीन आहे. काजलमध्ये नाही. जागृतीत आहे.

जागृतीला मी समोर बसून सांगितलं. ती सगळ्यांवर चिडली. तुझ्यावर, माझ्यावर, बाबांवर, जिला तिने बघितलंही नाही त्या दगूबाई आत्यावर. मग म्हणाली, आत्या, आता काय करायचं ते सांग. बाईंनी सांगितलं. दर वर्षी छातीचा एमआरआय, पुढे मॅमोग्राफीही, या जीनने अंडाशयालाही धोका असतो, त्याचं काय करायचं ते काही वर्षांनी. वजन सांभाळायचं, चालायचं, बाळाला पाजते आहे ते चांगलंच. ऑपरेशन करून आधीच काढून टाकायचं की नाही, ते तिने आणि तिच्या नवऱ्याने सावकाश ठरवायचं, आपण बोलायचं नाही. मी बोलणार नाही. तूही बोलू नकोस. आणि काजल सुटली म्हणून तिने निर्धास्त व्हायचं नाही, चाळिशीनंतर सगळ्या बायकांसारखी तपासणी तिलाही आहे.

आता तू उठलास की रडशील, मला माहीत आहे. मी दिलं म्हणशील. तू दिलेलं नाहीस. तुला बाबांनी दिलं, बाबांना त्यांच्या आई-बापाने, कोणालाच ठाऊक नव्हतं. तू तिला ठाऊक करून दिलंस. तेवढं आत्यासाठी कोणी केलं नाही.

रमिला


ब्राह्मणपुरी, १८ जानेवारी

दादा,

तक्रारी यायला लागल्या आहेत.

नवापूरहून चुलत बहिणीचा फोन आला की तुझा भाऊ आमच्या ओसरीत बसला, चहा प्यायला, आणि माझ्या सासूसमोर शर्टाची बटणं सोडून टाक्यांची रेघ दाखवायला लागला. तळोद्याहून तेच. नवसारीवाल्या दोघींपैकी एकीच्या नवऱ्याने तुला दारातूनच हात जोडले, तर तू रस्त्यावर उभा राहून शर्ट उघडलास आणि खिडकीकडे बघून ओरडलास, पोरी, दाखवून घे. वहिनी म्हणते, तू घरून निघताना आतलं बनियनही घालत नाहीस, वेळ जातो म्हणून.

मी तुला पोरींना सांगून ये म्हटलं होतं. चिठ्ठी दे, बाईंचा नंबर दे, एवढंच. अंगप्रदर्शन कर असं नव्हतं म्हटलं. तरी एक कबूल करते. मी तोंडाने सांगितलं तेव्हा त्या सगळ्या हो हो म्हणून घरी गेल्या आणि एकही गेली नाही. तू उघडी छाती दाखवल्यावर पाच जणी जाऊन आल्या. तेव्हा मी गप्प बसते.

पण धानोऱ्याच्या आत्याच्या नातीचं तुला कळलेलं नाही, म्हणून हे पत्र.

दगूबाई आत्याच्या लेकीची लेक, गायत्री. तिच्या सासरी तू गेलास तेव्हा तिचे सासरे तुझी बटणं सुटताच उठून शेताकडे निघून गेले, असं तू वहिनीला हसत सांगितलंस. गायत्री आत जाऊन लाजेने रडत बसली होती, हे तुला कोणी सांगितलं नाही. तिने काल मला फोन केला. म्हणाली, मावशी, मामांचा इतका राग आला होता की पुन्हा तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती रेघ डोळ्यांपुढून जाईना. चार दिवसांनी ती नंदुरबारला गेली. हाताला काहीच लागत नव्हतं. फोटोत दिसलं, तुरीच्या दाण्याएवढं. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात. ऑपरेशन झालं, ती घरी आली आहे, पोळ्या लाटायला दिल्या नाहीत म्हणून भांडते आहे. तिचं वय विचारलं तर म्हणाली अडतीस. आत्या गेली ती याहून थोडीच मोठी होती.

मग फोनवर तिचे सासरे आले. म्हणाले, पाहुण्यांना सांगा, आमच्या घरी पुन्हा या. आणि आमची मुलगी आहे, साक्रीला दिलेली, तिच्याकडेही एकदा जाऊन या म्हणावं.

ती मुलगी आपल्या रक्ताची नाही. कळसाडीशी तिचा काही संबंध नाही. तरी जा, दादा.

रमिला